दोन बर्थची बोट

"दोन बर्थची बघ," बाबा फोनवर म्हणाले. "त्याहून मोठी नको."

मी "अच्छा" म्हटलं आणि विषय बदलला. लाइट आहे का, आईचा गुडघा कसा आहे, आज काय भाजी केली. फोन ठेवल्यावर मात्र तेच मनात मोजत बसले. दोन बर्थ. एक आईचा, एक बाबांचा. हिशेब बरोबर होता आणि त्यात मी नव्हते.

बाबांना दिल्लीतल्या मंत्रालयातून निवृत्त होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. निवृत्त झालं की सरकारी क्वार्टर सोडावं लागतं, हे आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना पहिल्यापासून माहीत असतं. भिंतीला नवा खिळा ठोकायचा म्हटलं तरी आई म्हणायची, "आपली नाही गं भिंत." तरीही ज्या दिवशी ट्रक भरला त्या दिवशी मला सगळं नव्यानेच कळल्यासारखं झालं. मी जिथे बारावीचा अभ्यास केला त्या खिडकीपाशी आता दुसऱ्या कुणाची तरी मुलगी अभ्यास करत असेल. तिलाही खिळे ठोकायला मनाई असेल.

आई-बाबा रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी, आजोबांच्या वाट्याच्या जमिनीवर लहानसं घर बांधून राहायला गेले. माझी नोकरी नोएडातली, म्हणून मी गाझियाबादमध्ये एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट घेतला. ओळखीचे लोक म्हणायचे, "आई-बाबा परत गेले का गावी?" बाबा स्वतः दिल्लीत वाढलेले, गावी फक्त मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे. तरी त्यांच्यासाठी "परत" हा शब्द चालून जायचा. मला परत जायला काही नव्हतं. मी माझ्याच शहरात होते, फक्त माझं घर तिथून उठून गेलं होतं.

पहिले काही महिने आमचे फोन फार छोटे असायचे. मी मुळात बोलकी नाही, बाबाही नाहीत. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "झालं आत्ताच." मग दोघंही दुसऱ्याने काही बोलावं म्हणून थांबायचो, आणि शेवटी बाबा म्हणायचे, "चलो, ठेवतो मग." आई एकदा मागून म्हणाली, "तारेचे पैसे मोजत असल्यासारखे बोलता तुम्ही दोघं."

आणि मग एके दिवशी बाबांनी बोटीचं काढलं. लहानपणी मामाच्या होडीत बसून खाडीच्या तोंडापर्यंत जायचे, शीड भरलं की होडी कशी एका कुशीवर व्हायची, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आता त्यांना तशीच एखादी हवी होती. शिडाची, पण मागे लहान इंजिन लावता येईल अशी. सकाळी निघून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, एखाद्या शांत जागी नांगर टाकून जेवायचं, जमलं तर रात्री तिथेच झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं. एवढंच. "तुझं इंग्रजी चांगलं आहे," ते म्हणाले, "तू जरा अभ्यास कर आणि पुट अप कर." ऑफिसात फाइल वरच्या साहेबांपुढे ठेवायला सांगायचे तसंच.

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. पंप कसा जोडायचा, झाकण कुठल्या दिशेने फिरवायचं. न पाहिलेल्या वस्तूबद्दल नीट लिहायची मला सवय आहे. त्यामुळे समुद्रापासून इतक्या लांब बसून बोट निवडणं मला फारसं विचित्र वाटलं नाही.

आमचे फोन लांबले. मी जेवताना लॅपटॉपवर परदेशी म्हाताऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ लावायची. ती माणसं लहानशा बोटीच्या केबिनमध्ये वाकून चहा करायची, एकमेकांच्या पायांवरून ओलांडून जायची, कपाटाचं दार उघडलं की दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागायचं. मी एकटी तीन खोल्यांच्या घरात बसून, इतक्या थोड्या जागेत माणसं कशी मावतात ते शिकत होते. मग दुसऱ्या दिवशी बाबांना सांगायची की केबिनमध्ये बसल्यावर डोक्याला छत लागता कामा नये, बाकी उभं राहता नाही आलं तरी चालतं. की शीड लहान करायची सोय आतूनच हवी, वाऱ्यात पुढे चढून जाणं तुमच्या वयाला नको. की मोठी बोट दिसायला छान, पण दर वेळी बाहेर काढायचा कंटाळा येतो आणि ती नुसती उभी राहते.

"आपल्या गाडीसारखी," बाबा म्हणाले.

आमची पहिली गाडी क्वार्टरखाली कापड पांघरून उभी असायची. तिच्या सीटवरचं प्लास्टिक बाबांनी काढूच दिलं नव्हतं. उन्हाळ्यात ते पायांना चिकटायचं, हिवाळ्यात थंडगार लागायचं, आणि आम्ही बसलो की चुरचुर वाजायचं. पाहुणे आले की काढू, लग्नाला जाऊ तेव्हा काढू, असं म्हणता म्हणता गाडी विकली गेली. घेणाऱ्याने पहिल्यांदा प्लास्टिक काढलं तेव्हा सीट आतून बिल्कुल नवी होती. बाबांना त्याचा फार अभिमान होता.

आई या सगळ्यात कुठेच नव्हती. मी एकदा विचारलं, "आई, तुला स्वयंपाकाचा ओटा डावीकडे हवा की उजवीकडे?" ती म्हणाली, "मला त्यातलं काही विचारू नका. मी काठावरून टाटा करीन." मला ते तिचं नेहमीचं बोलणं वाटलं. फ्रिज घेतानाही ती असंच म्हणाली होती आणि नंतर दुकानात सगळे कप्पे उघडून बघितले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी सोसायटीच्या गच्चीवर खडूने बोट काढली. खऱ्या मापाची. आकडे वाचून मला अंदाज येईना, म्हणून मोजपट्टी घेऊन वर गेले. गच्चीवर ऊन छान होतं. कुणी रजया वाळत घातल्या होत्या, कुणी संत्री सोलत बसलं होतं. मी एका कोपऱ्यात खाली वाकून टोक काढलं, बाजू काढल्या, मग आत केबिनची रेघ, आणि पुढे टोकाकडे निमुळते होत जाणारे दोन बर्थ. दोन बर्थची बोट माझ्या कल्पनेपेक्षा खूपच लहान होती. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्याहून थोडी लांब, बस.

सहाव्या मजल्यावरच्या आंटी संत्र्याची साल हातात घेऊन आल्या. त्या बघून न बघितल्यासारखं करणाऱ्यातल्या नाहीत.

"बेटा, ये क्या है? होली की रंगोली अभी से?"

"नहीं आंटी, बोट है."

"बोट?" त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "मतलब नाव. अच्छा. और चलेगी कहाँ, हिंडन में?"

मागे बसलेल्या दोघीतिघी हसल्या. हिंडन आमच्या इथली नदी. तिच्या पुलावरून जाताना लोक गाडीच्या काचा वर करतात. मीही हसले, आणि बोट आई-बाबांसाठी आहे, तिकडे महाराष्ट्रात, समुद्राजवळ, असं सांगितलं.

"ये सोने की जगह?" आंटींनी चपलेच्या टोकाने बर्थ दाखवले. "ये मम्मी, ये पापा. और तू?"

"मैं तो यहाँ हूँ, आंटी."

"वो तो मैं देख रही हूँ यहाँ है," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर संत्र्याच्या चार फोडी ठेवून उन्हात परत गेल्या.

मी फोडी खाल्ल्या. मग खडूच्या बोटीत उतरून बसले, कारण उंची आणि गुडघे कुठे येतात ते बघायचं होतं. बाबांच्या बर्थवर बसून पाहिलं, आईच्या बर्थवर बसून पाहिलं. तिसरीकडे कुठे पाय पसरायला जागा होती का, तेही पाहिलं. नव्हती.

त्या रात्रीच्या फोनवर मी बाबांना म्हटलं, "दोन बर्थची फार लहान होते. थोडी मोठी बघूया का?"

"कशाला?"

खरं कारण माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाला "मला पण घ्या" असं म्हणत नाही. म्हणून मी इतर कारणं दिली. मोठी बोट लाटेत कमी हलते. सामानाला जागा होते. पुढेमागे विकायची झाली तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. सगळी खरी होती आणि एकही माझं नव्हतं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "तुझं म्हणणं नोंदवून घेतलं. पर्याय पुट अप कर."

मग मी तीन बर्थच्या बोटीमागे लागले. आपल्याकडे जुन्या शिडाच्या बोटी सहज मिळत नाहीत. जिथे कुठे लोक हौसेने शिडं वागवतात तिथे कुणाला तरी मेल करावा लागतो, मग तो दुसऱ्याचा नंबर देतो. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे आधी वाक्यं लिहून काढावी लागतात. तरीही मी फोन केले. शेवटी गोव्यातल्या एका गृहस्थांची बोट मिळाली. चांगली जपलेली, पांढरी, चोवीस फुटी. पुढे दोन बर्थ, आणि तिसरा मागच्या बाजूला, बाहेर बसायच्या बाकाखाली बोगद्यासारखा आत गेलेला. त्यात पाय आधी घालून सरपटत शिरायचं. फोटोत तिथे दोऱ्यांची वेटोळी आणि एक बादली ठेवलेली होती. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. बादली काढली तर एक माणूस आरामात झोपेल. बारीक माणूस.

"त्याला इंग्रजीत क्वार्टर बर्थ म्हणतात," मी बाबांना सांगितलं.

"क्वार्टर?" बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले. "अलॉट कोण करणार? आणि रिटायर झाल्यावर खाली करायचा का?"

"अहो, हळू हसा," आई मागून म्हणाली, "शेजारी विचारतील काय झालं."

मी पण हसले. आणि त्यानंतरचे काही दिवस मी खरोखर बऱ्या मनाने ऑफिसला गेले. यमुना बँक या मेट्रो स्टेशनात गाडी बदलताना लोक अंगावर येतात. मी एरवी भिंतीला चिकटून चालते, त्या आठवड्यात मधून चालत होते. एका रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातही जेवायला गेले. लहानपणी आम्ही तिघं तिथे थालीपीठ खायला जायचो. आपण मराठीत ऑर्डर द्यायची असं बसमध्येच ठरवलं होतं. पण वाढणाऱ्याने "अकेले हैं?" असं विचारलं, आणि घराबाहेरची माझी जीभ हिंदीच, ती आपोआप "हाँ जी" म्हणाली. पुढचं सगळं मग हिंदीतच झालं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब लोणच्यावरून मराठीत भांडत होतं. मी हळूहळू जेवले.

बाबांनी गोव्याला जाऊन बोट बघायचं ठरवलं. जायच्या आधी मला एक गोष्ट तपासून घ्यायची होती, ती म्हणजे बोट घराजवळ कुठे बांधणार. बाबांच्या मते प्रश्नच नव्हता. "आपल्यासमोर धक्का आहे ना. पूर्वी लाँच लागायची तिथे. पाणीच पाणी." मी आईला म्हटलं, तू तुझ्या खिडकीतून धक्क्याचा फोटो काढून पाठव.

सकाळी फोटो आला. दगडी धक्का, हिरवट पाणी अगदी काठोकाठ, पलीकडे माड. मी तो ऑफिसच्या स्क्रीनवर लावून ठेवला. दुपारी आईने दुसरा पाठवला. त्यात राखाडी चिखल होता, चिखलात पांढरे पक्षी चालत होते, आणि एक लाकडी होडी पोटावर बसली होती. पाणी दूर, एका बारीक रेघेएवढं.

मी लगेच फोन केला. "आई, हा दुसरा फोटो कुठला?"

"तिथलाच. माझ्या खिडकीतून."

"पण पाणी कुठे गेलं?"

"ओहोटी आहे ना. जातं समुद्रात, येतं परत." ती भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. "अगं, आपल्या क्वार्टरच्या नळासारखं आहे. दिवसातून दोनदा येतं आणि वेळ रोज बदलते. आला तेव्हा भरून घ्यायचं. मला तर पहिल्या दिवसापासून सवयीचं वाटलं."

"बाबांना माहीत आहे?"

"माहीत कसं नसेल? पण तू त्यांना विचार, त्यांच्या आठवणीत खाडी कायम भरलेलीच असते. सुट्टीत पोरांना पोहायला सोडायचे ते भरतीलाच ना. आता गाळही फार आलाय म्हणे."

भरती-ओहोटी मी शाळेत भूगोलात शिकले होते. चंद्राचं चित्र काढून, बाणांसकट. पण बोटीचा एवढा अभ्यास करताना मला ती एकदाही आठवली नव्हती. मी वाचलेल्या इंग्रजी लेखांतल्या बोटी बारा महिने पाण्यावर तरंगणाऱ्या धक्क्यांना बांधलेल्या असत. आणि दिल्लीत पाणी आहे की नाही हे फक्त नळाला विचारायचं असतं.

गोव्याच्या बोटीला पोटाखाली जड, खोल पट्टी होती. कील. तिच्यामुळेच ती लाटेत कमी हलते, हे मीच बाबांना सांगितलं होतं. पण तशी बोट चिखलात सरळ बसू शकत नाही. पाणी गेलं की ती कुशीवर आडवी होते, आतलं सगळं एका बाजूला घसरतं, आणि कधीतरी भरती येताना ती उठायच्या आधी पाणीच आत शिरतं. आमच्या खाडीत ती बोट ठेवणं शक्य नव्हतं. तिथे सपाट तळाची बोट हवी, जिची खालची फळी वर ओढून घेता येते. पाणी गेलं की ती त्या लाकडी होडीसारखी चिखलात बसून राहील. तशी एक मी आधीच पाहून बाजूला सारली होती. अठरा फुटी. दोन बर्थ. खडूने काढली होती तीच.

हे घरात फक्त मला कळलेलं होतं. बाबांचं गोव्याचं तिकीट निघालं होतं. मी काही बोलले नसते तर ती मोठी बोट आली असती, आणि पहिल्या ओहोटीपर्यंत तरी तिच्यात माझा बोगदा असता. संध्याकाळी मेट्रोत उभी असताना मी पुन्हा पुन्हा काही मार्ग निघतो का ते बघत होते. दूर, मोठ्या बंदरात ठेवली तर? पण मग रोज कोण जाणार, बाबांच्या वयाला बस बदलून? ती गाडीसारखी कापडाखाली उभी राहिली असती.

घरी आल्यावर बूट न काढताच बाबांना फोन केला. सगळं नीट सांगितलं, जसं कामावर सांगते तसं. बाबा मध्ये फक्त "हं" म्हणत होते. त्यांच्या मनातल्या त्या भरलेल्या खाडीतलं पाणी मी काढून घेतलं असं मला वाटलं.

"म्हणजे लहानच घ्यायची," ते शेवटी म्हणाले.

"हो. लहान बरी. तुम्हा दोघांना पुरेल."

"आम्हा दोघांना म्हणजे?"

"तुम्हाला आणि आईला."

"तुझ्या आईला?" बाबांनी फोन तोंडापासून लांब केल्याचं कळलं. "अगं ऐकलंस का, ही म्हणते तू बोटीत झोपणार!"

"मी?" आई लांबून ओरडली. "मला घाटात बसमध्ये उलट्या होतात! दोन पिशव्या लागल्या होत्या येताना. मी कशाला त्यात बसते!"

बाबा परत फोनवर आले. "ती कुठली येतेय. मी पहिल्या दिवशीच तुला सांगितलं ना, दोन बर्थ. एक माझा, एक तुझा." मग ऑफिसच्या आवाजात, "तुला यायचं नसेल तर गोष्ट वेगळी. जबरदस्ती नाही."

मी "अच्छा" म्हटलं. मग "येईन ना" म्हटलं. याहून जास्त मला जमलं नाही. फोन ठेवून मी बूट काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस न पेटवता उभी राहिले. इतके महिने मी दोनपर्यंत मोजत होते आणि दर वेळी चुकत होते, कारण आई आणि बाबा हे माझ्या मनात एकाच श्वासात यायचे. मी कायम त्यांच्यापलीकडची तिसरी. बाबांनी मोजलं तेव्हा त्यांनी माझ्यापासून सुरुवात केली होती, असं काही मला सुचलंच नव्हतं.

आनंद झाला. पण तो फार वेळ आनंदासारखा राहिला नाही. माझी जागा नसती तर मला रुसता आलं असतं. आता जागा होती, आणि मी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा जाऊ शकणार होते. बाकीचे दिवस तो बर्थ रिकामाच असणार होता आणि रिकामा का, ते बाबांना दर वेळी आत शिरताना दिसणार होतं.

बोट पावसाळ्यानंतर आली. दिवाळीला मी जाणार होते. ऐन वेळी ऑफिसात एका यंत्राचं काम लांबलं, सुट्टी रद्द झाली. बाबा म्हणाले, "काम आधी. बोट कुठे पळून जातेय." आईने चकल्या कुरिअरने पाठवल्या. त्यातल्या निम्म्यांचा चुरा झाला होता. चमच्याने खाल्ल्या.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी गच्चीवर उन्हात बसले होते. जिथे मी बोट काढली होती तिथे आंटींची रजई पसरलेली होती. खडू कधीच पावसात गेला होता.

"बघ," बाबा म्हणाले आणि फोन फिरवला. बोट चिखलात बसलेली होती, सरळ, ऐटीत. मग ते वाकून आत शिरले. आत बाबांचा बर्थ दिसला, त्यावर चुरगळलेली चादर, वर्तमानपत्र, चष्म्याची डबी. दुसऱ्या बाजूला नवीकोरी निळी गादी, आणि तिच्यावर प्लास्टिक. वरच्या खिडकीतलं ऊन त्याच्यावर चमकत होतं. पाहुणे येईपर्यंत ठेवायचं तसं, कडा नीट आत खोचलेलं.

"बाबा, ते प्लास्टिक काढा."

"तू आलीस की काढू."

"समुद्राची हवा आहे. आत ओल धरते. बुरशी येईल गादीला. मी लिहून पाठवलं होतं."

"वाचलं मी. तू आलीस की काढू."

"मी फेब्रुवारीत येते."

"मग फेब्रुवारीत काढू. घाई काय आहे?"

माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आंटी स्क्रीनमध्ये डोकावल्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण गादी कळली. "कोई सोता नहीं इस पे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

तेवढ्यात फोनमध्ये आईचा आवाज आला, अगदी जवळून. "अहो, सरका जरा." मग तिचा हात दिसला, मग ती, साडीचा काठ चिखलाने माखलेला, गुडघ्यावर हात ठेवून आत येताना.

"तू बोटीत?" मी म्हटलं.

"आत्ता पाणी नाही ना. हलत नाही. दुपारी ओहोटी असली की मी येते. पंख्याशिवाय वारा येतो इथे." ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "पण बसायला ही एवढीशी जागा. यांच्या पायाशी. त्या प्लास्टिकला हात लावू देत नाहीत."

"बाबा, काढा," मी म्हटलं. "आईला झोपू दे तिथे."

बाबांनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला, मला फक्त छत दिसत राहिलं, आणि प्लास्टिक ओढल्याचा तो जुना चुरचुर आवाज आला. बराच वेळ येत राहिला. आई म्हणाली, फाडू नका, घडी करून ठेवा, कशालाही होईल. मग गादीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला.

"छान आहे गं," आई म्हणाली. ती दिसत नव्हती. "तू केव्हा म्हणालीस? फेब्रुवारी?"

"हो. फेब्रुवारी."

"ये. तोवर मी जागा धरून ठेवते."